आरशातला चोर

३ मार्च

ताई,

बातमी अशी, की तुझा धाकटा भाऊ आता ऐरागैरा राहिलेला नाही. परवाना हातात पडला आणि त्याच दिवशी जाऊन मी पिस्तूल घेतलं. काळं, आटोपशीर, आपल्या मोठ्या कात्रीपेक्षा बरंच जड. एप्रनखाली कमरेला लावतो. वरून कुणाला कळत नाही.

तू कपाळाला हात लावशील, म्हणून आधीच सांगतो. नोव्हेंबरात ती दोन पोरं दुकानात शिरली तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "गल्ला गेला तर जाऊ दे, जीव वाचला ना." गल्ल्याचं मला काही नाही. त्यातल्या एकाने माझ्या थोबाडीत मारली, ताई. गिऱ्हाइकं बसलेली. माझ्याच सलूनमध्ये, माझ्याच आरशासमोर, म्हणजे मला स्वतःलाही ती नीट दिसली. तेव्हापासून खुर्चीमागे उभा राहिलो की गाल गरम व्हायचा. कमरेला हे लावल्यापासून होत नाही. एवढीच गोष्ट आहे.

शनिवारी दुकान लवकर बंद करून हार्डवेअरवाल्याबरोबर नेमबाजीच्या मैदानावर जातो. तिथले शिकवणारे म्हणतात, तुमचा हात फार स्थिर आहे. म्हटलं, असणारच, आयुष्य लोकांच्या गळ्यावर वस्तरा चालवण्यात गेलंय.

नानांचा गुडघा कसा आहे? दुकानाच्या पायऱ्या चढायला डॉक्टर कधी परवानगी देणार? ऑपरेशन तुझ्या गावात करायचं ठरलं तेव्हा बरं वाटलं होतं, पण आता करमत नाही. त्यांची बसायची जागा मी कुणाला देत नाही. जुनी गिऱ्हाइकं "म्हातारा कुठाय, म्हातारा कुठाय" करून भंडावतात.

तुझा धाकटा

ता. क. हे पत्र नानांना वाचून दाखवू नकोस.

९ मार्च

शूरवीरास,

असला ताजा कलम पत्राच्या डोक्यावर लिहीत जा, बुडाला नव्हे.

दुकानात उभी हयात गिऱ्हाइकांनी पेपर वाचून दाखवला, त्यामुळे आपल्या वडिलांना स्वतः काही वाचायची सवयच नाही, हे तुला माहीत आहे. त्यांना ऐकू किती येतं तेही माहीत आहे. तेव्हा तुझं पत्र आलं की मी खिडकीशी उभी राहून, ड्रायव्हिंग शिकायला येणाऱ्या पोरांवर गाडीत ओरडते त्या आवाजात ते वाचते. "जाऊन मी पिस्तूल घेतलं" हे वाक्य नानांनी दोनदा वाचायला लावलं. आता ते आमच्या अख्ख्या इमारतीला पाठ आहे. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात गाठून विचारलं, तुमचे भाऊ पोलिसात असतात का.

नाना रागावले नाहीत. पाय ताणून बसले आणि म्हणाले, "कमरेला ते लावतो, तर मग कंगवे आणि कात्र्या कुठे लावतो?" मी म्हटलं, विचारून सांगते. तर सांग.

आता माझं ऐक. गुडघा छान भरून येतोय, पुढच्या महिन्यात ते पायऱ्या चढतील. पण ती वस्तू दुकानात आहे तोवर नाना माझ्याकडेच राहतील. रागाच्या भरात बोलत नाहीये. दोन दिवस विचार केला, यांच्याशीही बोलले, आणि ठरवलंय. तुला रुसायचं असेल तर खुशाल रुस.

ताई

१५ मार्च

ताई,

म्हणजे तू माझे वडील ओलीस धरलेस. आणि दरोडेखोर म्हणे मी नोव्हेंबरात पाहिले.

तुला वाटतं तसं आम्ही काही गुंड नाही. नेमबाजी झाली की आम्ही चौघं चहा घेत बसतो, हार्डवेअरवाला, औषधांच्या दुकानवाला, टायरवाला आणि मी. प्रत्येकाचा आपापला चोर आहे. हार्डवेअरवाल्याचा चोर गोदामाच्या बाजूने येतो आणि त्याच्या हातात सुरा असतो. औषधवाल्याचा चोर गुडघे टेकून माफी मागतो, आणि हा त्याला उदार मनाने सोडून देतो. टायरवाल्याचे तर तिघं असतात, त्याला एकटा चोर कमीपणाचा वाटतो. अजून कुणाचाही चोर आलेला नाही, पण तयारी जय्यत आहे. हस तू. आम्हीही हसतो.

माझा चोर समोरून येतो. तोच तो, नोव्हेंबरातला. मी कुणाची तरी दाढी करत असतो, आरशात दार उघडताना दिसतं, त्याला वाटतं याला परत एक ठेवून देऊ. आणि मी शांतपणे म्हणतो, "आज हात खाली ठेव." काय म्हणायचं ते मी बऱ्याच वेळा बदललं, पण हेच चांगलं वाटतं. दुकान भरलेलं असतं. नाना बाकावर बसलेले असतात आणि बघत असतात. त्यांनी बघणं फार महत्त्वाचं आहे, ताई. ती थप्पड बसली तेव्हा ते घरी होते, पण ऐकलं तर असणारच ना त्यांनी. तेव्हापासून त्यांनी त्या दिवसाचा विषय माझ्याजवळ काढलेला नाही.

दुपारी दुकान रिकामं असलं की शटर अर्धं ओढून आरशासमोर सराव करतो. हात कमरेला, वर, रोख. आता डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.

नानांना सांग, कात्र्या टेबलावर ठेवतो.

धाकटा

२१ मार्च

शूरवीरास,

तुझा चोर फारच गुणी दिसतो. तुझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबतो.

माझ्याकडे दर नव्या तुकडीत एक तरी असा असतो. पहिल्याच दिवशी सांगतो, कुणी आडवं आलं तर मी अशी गाडी वळवीन आणि तशी काढीन. मग खरोखर कुत्रं आडवं येतं, आणि हा दोन्ही पाय असतील त्या पेडलांवर दाबून डोळे घट्ट मिटतो. कुत्रं वाचतं, कारण दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली असतो. तुझ्या दुकानात तो कुणाच्या पायाखाली आहे?

आणि त्या थपडेबद्दल मीच काढते विषय. ती बसली तेव्हा तुझ्या हातात वस्तरा होता आणि वस्तऱ्याखाली बँकेतल्या साहेबांचा गळा. तूच सांगितलंस, तो पोरगा हात उगारतोय हे आरशात दिसताच तू आधी वस्तरा उचलून लांब धरलास आणि मग थप्पड खाल्लीस. साहेबांना ओरखडाही नाही. तुला ती मार खाल्ल्याची गोष्ट वाटते. नाना इथे येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगतात. दूधवाल्याला सांगून झाली, डॉक्टरांना सांगून झाली, पट्टी बदलायला येणाऱ्या नर्सने तर तीनदा ऐकली. "माझ्या पोराने मार खाल्ला पण गिऱ्हाईक कापू दिलं नाही." तुझ्याजवळ विषय काढत नाहीत, कारण तू लगेच तोंड फिरवतोस.

तेव्हा नानांनी बघावं असं जे तुला वाटतंय, ते त्यांनी न बघताच पाहिलंय. आता ती वस्तू परत कर. केलीस की कळव, त्याच आठवड्यात त्यांना आणून सोडते.

ताई

२ एप्रिल

ताई,

दिलं परत. विषय संपला.

नानांना पाठव. खुर्चीला नवं कव्हर घातलंय, पायऱ्यांना एका बाजूने कठडा बसवून घेतलाय, त्यांना धरायला.

धाकटा

७ एप्रिल

धाकट्यास आशीर्वाद,

घे बाबा, आला तुझा म्हातारा. शनिवारी हे त्यांना गाडीने आणून सोडतील. पिशवीत गोळ्या आहेत, सकाळची पांढरी आणि जेवणानंतरची गुलाबी. काठी वापरायला लाज वाटते त्यांना, तरी हातात द्यायची. दुकानात पाय लोंबकळत ठेवून बसू द्यायचं नाही, खाली स्टूल हवं.

पिस्तुलाचा विषय तू एका ओळीत संपवलास. एखादा शिकाऊ "ब्रेक दाबला" म्हणाला, तर मी विचारते, गाडी थांबली का? तुला विचारत नाही. तू भाऊ आहेस, आणि तू सांगितलंस.

निघायचं ठरल्यापासून नाना लहान मुलासारखे खूश आहेत. इथली दाढी त्यांना पसंत नव्हती. "घरी गेलो की पोराकडून नीट करून घेतो," असं रोज गालावरून हात फिरवून म्हणतात. पोचले की लिही.

ताई

२० एप्रिल

ताई,

उशीर झाला लिहायला, कामाची गडबड होती. नाना मजेत आहेत. गुडघा ठणठणीत. रोज सकाळी काठी टेकत रस्त्यापलीकडे जाऊन येतात, चांगला व्यायाम होतो. गोळ्या वेळेवर घेतात. स्टूल आणलंय.

बाकी विशेष काही नाही. हवा फार तापली आहे.

धाकटा

२१ एप्रिल

पोरी,

मी स्वतः लिहायला बसलोय, यावरून काय ते समज. अक्षराला हसू नकोस.

तुझ्या भावाने ती वस्तू परत केलेली नाही. कमरेलाच होती. मला कसं कळलं ते सांगतो.

मंगळवारी सकाळी त्याच्याकडे दाढीला बसलो. हात चांगला आहे त्याचा, मीच शिकवलाय. एक गाल झाला होता, मी डोळे मिटून निवांत पडलो होतो. दार वाजलेलं मला ऐकू येत नाही, पण वस्तरा मध्येच थांबला की कळतं. डोळे उघडले, तर माझ्या डोक्यावरून याचा हात पुढे गेलेला, हातात पिस्तूल, आणि रोख समोर आरशाकडे. आरशात दाराशी हेल्मेट घातलेला माणूस उभा, हातात काळं काहीतरी. तो आपला मशीनवाला होता, ट्रिमर दुरुस्तीला नेतो तो. दुरुस्त करून परत द्यायला आला होता.

आता गंमत बघ. तो बिचारा उभा याच्या पाठीमागे, आणि हा नेम धरून आरशातल्या मशीनवाल्यावर. मधोमध माझं डोकं. आपल्या धंद्यात जन्मभर माणसाशी आरशातूनच बोलतो आपण, आणि याने सरावही म्हणे आरशातच केला. मागे वळायचं असतं, हे त्या हाताला ठाऊकच नाही. खरा चोर असता तर मागून येऊन आरामात याची मान धरली असती. यावर मी हसलोही असतो.

पण त्याच आरशात मला त्याचं तोंड दिसलं. मला वाटलं घाबरला असेल. घाबरलेला असता तर मी काही बोललो नसतो, भीती सगळ्यांनाच वाटते. तो घाबरला नव्हता, पोरी. खूश होता. त्याच्या हातून पहिली दाढी नीट झाली त्या दिवशीही इतका खूश दिसला नव्हता. ज्याची वाट बघून डोळे शिणले तो माणूस दारात यावा, तसा त्या हेल्मेटकडे बघत होता.

मशीनवाल्याने ट्रिमर हळूच खाली ठेवला, "नवीन ब्लेड बसवलंय" म्हणाला आणि गेला. मग तुझा भाऊ नाना नाना करायला लागला. मी गळ्याचा कपडा सोडला, काठी घेतली आणि अर्ध्या दाढीनिशी रस्ता ओलांडून समोरच्याच्या सलूनमध्ये जाऊन बसलो. त्याने दुकान टाकल्यापासून मी त्याच्याशी बोललो नव्हतो. त्याने राहिलेला गाल करून दिला. फार वाईट करतो. तरी तेव्हापासून तिथेच जातोय, सगळ्या रस्त्यादेखत.

तुझ्या भावाला चोराची भीती नाही. त्याला चोर हवाय. हे आधी समजून घे, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

मला न्यायला येऊ नकोस. माझं इथलं काम झालेलं नाही.

नाना

२५ एप्रिल

धाकट्या,

तुझा "चांगला व्यायाम" आणि नानांचं पत्र एकाच टपालाने आलं.

नाना म्हणतात आधी समजून घे. कालपासून प्रयत्न करतेय, जमत नाहीये. माझ्या डोळ्यांसमोर नानांचं डोकं येतं, आणि त्यावरून गेलेला तुझा हात. तू मला खोटं सांगितलंस याचा हिशेब नंतर करू. तू त्यांनाही काही न सांगता, कमरेला ते लावून, त्यांच्या गळ्याला साबण लावलास.

मी रविवारी येतेय, त्यांना घेऊन जायला. त्यांना यायचं नाही, ते माझं मी बघते. या वेळी मला तुझी ओळ नको. पिस्तूल जमा केल्याची पावती हवी.

ताई

१२ मे

ताई,

पावती सोबत आहे. ही आधी बघ, मग बाकीचं वाच.

तू आलीस तेव्हा माझ्याकडे पावती नव्हती, कारण पिस्तूल अजून जमाच केलं नव्हतं. तू माझ्या दुकानात पाय ठेवला नाहीस, समोरच्याच्या बाकावर नानांशेजारी बसून राहिलीस, आणि मी इकडून काचेतून तुम्हा दोघांना बघत होतो. तरीही माझ्याच्याने ते दिलं जात नव्हतं. नाना तुझ्याबरोबर आले नाहीत आणि तू एकटीच रडत गाडीत बसलीस, तेव्हाही नाही. मला वाटत होतं, चूक झाली ती वळायची. वळायचा सराव केला की झालं. हार्डवेअरवालाही तेच म्हणाला.

मग एकदा जेवताना मी नानांना मोठ्याने विचारलं, "तुम्ही तिकडे का जाता?" ते म्हणाले, "तू खूश होतास म्हणून." मी चिडलो. म्हटलं, काहीतरीच काय बोलता, मी तुम्हाला वाचवत होतो. ते पाणी प्यायले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शटर अर्धं ओढलं आणि आरशासमोर उभा राहिलो. म्हटलं, बघूच. हात कमरेला, वर, रोख. इतके दिवस करताना मी कायम आरशातल्या दाराकडे बघायचो. या वेळी स्वतःच्या तोंडाकडे बघितलं.

मी हसत होतो, ताई.

मशीनवाला दिसला तेव्हा माझ्या मनात "चोर" आलंच नाही. "आला" असं आलं. एकदाचा आला. नोव्हेंबरातली ती थप्पड मला कुणाला तरी परत द्यायची होती, आणि दारातून जो पहिला माणूस हेल्मेट घालून येईल तो मला चालणार होता. माझा वर्षानुवर्षांचा ओळखीचा माणूस, मशीन हातात घेऊन दारात उभा, आणि मी चेहराही बघितला नाही त्याचा. बोट चापावर होतं. हे नानांनी तुला लिहिलं नसेल, त्यांना ते दिसलं नसेल. पण तुला माहीत असायला हवं.

एप्रन काढला आणि तसाच पोलिस ठाण्यात गेलो. परवाना रद्द करायचा अर्जही दिला. तिथल्या हवालदाराने विचारलं, कारण काय लिहू? म्हटलं, लिहा, मालक लायक नाही. त्याने "वैयक्तिक कारण" लिहिलं.

मग मशीनवाल्याच्या घरी गेलो. त्याने दार उघडलं आणि पहिल्यांदा माझ्या कमरेकडे बघितलं. मी माफी मागितली. तो म्हणाला, "मशीन चालतंय ना साहेब?" म्हटलं, चालतंय. "मग झालं," म्हणाला. आत बोलावलं नाही. परत जाईन. नाही बोलावलं तर त्यानंतर परत जाईन. हार्डवेअरवाला मला आता भित्रा म्हणतो, म्हणू दे. शनिवारी मी दुकान पूर्ण वेळ उघडं ठेवतो. गाल अजून गरम होतो, पण तसाच उभा राहून काम करतो. सवय होईल.

नानांना मी काही सांगितलं नाही. पावती तेवढी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी ती सवयीप्रमाणे मलाच वाचायला लावली, तीही मोठ्याने. मग घडी घालून परत दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा समोरच्याकडेच गेले. पुढचे बरेच दिवस तेच.

काल ते रस्ता ओलांडायला निघाले, पायरीवर थांबले, आणि कठडा धरून आत आले. खुर्चीत बसले. मी कपडा बांधला, फेस लावला. आपल्याकडे फेस लागला की ते लगेच डोळे मिटतात, तुला माहीत आहे. काल त्यांनी डोळे मिटले नाहीत. आरशातून माझ्या तोंडाकडे बघत राहिले, दोन्ही गाल झाले, हनुवटी झाली, गळा झाला, तोवर. मी एकदाही नजर चुकवली नाही. सोपं नव्हतं, ताई.

मी तोंड पुसून दिलं. त्यांनी गालावरून हात फिरवून बघितला, काठी मागितली आणि म्हणाले, "परवा येतो."

धाकटा